क्रेनवाल्या मामांची प्रोस्टेट

१७ जानेवारी. आभाळ भरलेलं, थंडी बोचरी, वारा ताशी चौदा किलोमीटर. केबिनमध्ये बसल्या बसल्या मामा रोज हे वहीत टिपतात आणि टिपताना मोठ्यानं म्हणतात, म्हणून मला कळतं. एरवी मला बाहेरचं काही दिसत नाही. मी त्यांच्या ओटीपोटाच्या तळाशी राहते. वर मूत्राशय, मागे गुदाशय. डॉक्टर मला प्रोस्टेट म्हणतात. पुस्तकात पुरःस्थ ग्रंथी असं भारदस्त नाव आहे. मामांना चोपन्न वर्षं यातलं एकही ठाऊक नव्हतं.

मामा आईच्या पोटात तीन महिन्यांचे असताना त्यांच्या मूत्रमार्गाच्या भिंतीला काही कोंब फुटले. ती मी. मग कित्येक वर्षं मी नुसती पडून होते. त्यांना मिसरूड फुटलं, रक्तातून सांगावा आला आणि मी वाढून अक्रोडाएवढी झाले. वजन वीस ग्रॅम. मूत्रमार्ग माझ्या मधोमध जातो, मण्यातून दोरा जावा तसा. ही जागा मी मागून घेतली नाही. पण पुढचं सगळं रामायण या जागेमुळेच घडलं.

माझं काम थोडं, पण चोख. पातळ, दुधाळ रस करायचा. पुरुषाच्या वीर्यातला पाव ते तिसरा हिस्सा माझा. बीजाला पोहता यावं म्हणून वीर्याचा घट्टपणा सैल करणारं द्रव्यही माझंच. ऐन वेळी माझे स्नायू आवळतात, वर मूत्राशयाचं तोंड मिटतं आणि सगळं पुढच्या वाटेनं जातं. या कामाचं चीज एकदाच झालं. मामांना एक मुलगी आहे. ती नाकावर कुणाच्या गेली, कपाळावर कुणाच्या गेली, यावर घरात अजून वाद चालतात. त्यात माझं नाव कुणी घेत नाही.

बोलण्यात बाकीच्या अवयवांना केवढा मान: कुणाचंही काळीज तुटतं, पोटासाठी माणसं दाही दिशा फिरतात. माझ्या नावाची साधी शिवीसुद्धा नाही.

मामाही एकटेच. उंच क्रेनच्या टोकाला काचेची केबिन, वर जायला लोखंडी शिडीच्या दोनशे बारा पायऱ्या. प्रत्येक पायरी माझ्या अंगातून जाते, म्हणून आकडा पक्का. सकाळी चढायचं, जेवायला उतरायचं, पुन्हा चढायचं. खालून हुकाला दिशा सांगणारा सिग्नलवाला वॉकीटॉकीवर बोलतो तेवढाच माणसाचा आवाज. ‘मामा’ हे नाव त्यानंच पाडलं. माझ्याशी बोलणारं तेवढंही कुणी नव्हतं.

पंचेचाळिशीनंतर मी पुन्हा वाढू लागले. बहुतेक पुरुषांत माझ्या जातीचं असंच होतं. पण मी बाहेरच्या बाजूला पसरले नाही, आत वाढले. मधला दोरा दाबला जाऊ लागला. धार बारीक झाली, सुरू व्हायला वेळ लागू लागला, आणि जाऊन आल्यावरही थोडं उरलंय असं मामांना वाटे. ते खरंच उरलेलं असे.

“मामा, खाली काय पुरून ठेवलंय? सकाळपासून तिसऱ्यांदा उतरलात,” सिग्नलवाला एकदा म्हणाला.

“तुझं तोंड बघायला येतो.”

“मग फोटो लावा की केबिनमध्ये. इथे चाळीस माणसं हात बांधून उभी राहतात.”

दोघंही हसले. पण मामांना ते लागलं. महिनाअखेरीला कंपनीची तंदुरुस्तीची तपासणी होती. असं वरचेवर उतरणारा माणूस केबिनमध्ये ठेवतील का? सव्वीस वर्षं वर काढलेला माणूस खाली काय करणार? त्यांनी कुणाला विचारलं नाही. पाणीच तोडलं.

“अहो, बाटली भरलेलीच परत आणलीत,” घरी बायको म्हणे.

“थंडी आहे. तहान कुठे लागते?”

दोघांचा एवढाच संवाद. मला तेव्हा ओरडावंसं वाटलं. पण मला घसा नाही. माझी भाषा म्हणजे अडवणूक, आणि ती त्यांना म्हातारपण वाटत होती.

सोळा तारखेला मामांना सर्दी झाली. औषधाच्या दुकानात ते स्पष्ट बोलले, “झोप येईल असं काही देऊ नका. माझ्या हुकाखाली माणसं असतात.” दुकानदारानं झोप न आणणाऱ्या, नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या दिल्या. मामांना दुसरी कुठली गोळी चालू आहे का, हे त्यानं विचारलं. लघवीला त्रास होतो का, हे नाही विचारलं. आणि मामांनी ते आपणहून सांगितलं नसतंच. जी गोळी नाक मोकळं करते तीच माझे स्नायू आणि मूत्राशयाचं तोंड घट्ट आवळते. खालच्या माणसांच्या काळजीपोटी मामांनी नेमकी तीच मागून घेतली.

सतराला सकाळी त्यांनी दुसरी गोळी घेतली. साडेदहाला जायची भावना झाली. केबिनमध्ये अडीअडचणीला एक रिकामी बाटली असते. पण बाटलीला धार लागते. थेंब येईना. अकराच्या सुमारास हुकाला सळ्यांचा भारा लागला. भारा नवव्या मजल्याच्या उंचीवर असताना मूत्राशय माझ्या डोक्यावर दगडासारखं बसलं.

“मामा, थोडं डावीकडे. बास. मामा? आवाज येतोय का?”

“येतोय.”

“आवाज बदललाय तुमचा.”

“भारा बघ. माझा आवाज नंतर बघ.”

मामांनी भारा सावकाश खाली आणला. भारा टेकला, साखळ्या सुटल्या, तेव्हा ते म्हणाले, “आता कुणालातरी शिडीपाशी उभं कर. मला उतरायचंय.” त्या दोनशे बारा पायऱ्यांना चाळीस मिनिटं लागली.

दवाखान्यात नळी घातली. साडेनऊशे मिलिलिटर निघालं. मग डॉक्टरीणबाईंनी हातमोजा चढवला आणि गुदद्वारातून बोट घालून मला चाचपलं. चोपन्न वर्षांत मला पहिल्यांदा कुणीतरी हात लावला. मामांनी शरमेनं डोळे मिटून घेतले असावेत. मला शरम वाटली नाही.

“गुळगुळीत आहे, गाठ लागत नाही,” बाई म्हणाल्या. “पण अक्रोडाचं लिंबू झालंय. किती वर्षं अंगावर काढलंत?”

मुलगी बाजूच्या पडद्याआडून म्हणाली, “बाबा, त्या तुम्हाला विचारतायत.”

“सात-आठ.”

“आणि आम्हाला का नाही सांगितलंत?”

“काय सांगू? तुला असलं सांगतात का?”

बाईंनी गोळ्या दिल्या आणि चार दिवसांनी नळी काढून पाहिली. पुन्हा अडलं. शिवाय त्या गोळ्यांनी उठताना मामांच्या डोळ्यांपुढे अंधारी येई. शिडीवर ते चालणार नव्हतं.

“मग आतून खरवडून वाट मोकळी करू,” बाई म्हणाल्या. “काढलेला भाग तपासायला पाठवू. एक सांगते, नंतर वीर्य बहुधा पुढे येणार नाही, उलटं मूत्राशयात जाईल. मूल व्हायला हवंय असं काही नाही ना?”

“झालंय की. बाहेर बसलंय, माझ्यावर रागावून.”

सगळे हसले. त्या हसण्यात माझं काम गेलं. त्यांचं काम राहावं म्हणून माझं जाणार, हे मामांच्या ध्यानातही आलं नाही; आणि का यावं? मी त्यांच्या कधी ओळखीचीच नव्हते. रस मी अजून करीन, जुनी खोड म्हणून. तो कुठेच पोचणार नाही.

तुमच्यापैकी ज्या पुरुषांची पन्नाशी उलटली असेल, त्यांच्याही पोटात माझी एक बहीण एकटी बसलेली आहे. धार बारीक झाली तर त्याला वय म्हणून सोडून देऊ नका. पाणी तोडू नका. आणि सर्दीची गोळी मागताना दुकानदाराला लघवीच्या त्रासाबद्दलही सांगा. दोन शब्द लागतात. मामांकडे ते नव्हते.

९ फेब्रुवारीला शस्त्रक्रिया झाली. काढलेला भाग चोवीस ग्रॅम. अहवाल: साधी वाढ, कर्करोग नाही. ८ एप्रिलला मामा तंदुरुस्तीच्या तपासणीत पास होऊन केबिनमध्ये रुजू. मी शिल्लक एकतीस ग्रॅम.