तारीख दिलेला नवस

लिली झिराडकरला ग्रीसला जायचं होतं, आणि तिला ग्रीसला न्यायला एकही विमा कंपनी तयार नव्हती. म्हणजे न्यायची तयारी होती. परत आणायच्या जबाबदारीवर त्या अडून बसल्या होत्या. फॉर्मवर आजाराबद्दल प्रश्न होता आणि तिच्या नवऱ्याने, सोलोमनने, त्याचं खरं उत्तर लिहिलं. त्याला खोटं लिहिता येत नव्हतं अशातला भाग नाही. साडेआठची बस साडेआठला येईल, असं तो साउथहॅम्प्टनच्या बस कंपनीत चाळीस वर्षं लिहीत आला होता. पण आजाराच्या रकान्यात त्याचा धीर झाला नाही.

मग मुलगा मधे पडला. लेव्ही ब्रॅकनेलला आयटीत होता आणि जगातल्या प्रत्येक दुःखाचं कुठे ना कुठे पॅकेज मिळतं अशी त्याची श्रद्धा होती. त्याला मिळालंही. घरापासून वीस मिनिटांवरच्या धक्क्यावरून प्रायव्हेट कॅटमरान, दिवसभर, फक्त आपलं कुटुंब, नाव ‘ग्रीक डे’. निळ्या-पांढऱ्या उशा, ऑलिव्ह, ग्रीक संगीत आणि तीन बेटं. पहिलं बेट आयल ऑफ वाइट, दुसरं हेलिंग, आणि तिसरं म्हणजे समुद्रात बांधलेला जुना तोफांचा किल्ला. त्याला बेट म्हणायचं की नाही हे ज्याने त्याने ठरवायचं.

लेव्हीने आधी शनिवार बुक केला होता. सोलोमनने शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, आहे म्हणून हरकत घेतली. शनिवारी दुपारभर तो फुटबॉल बघत असे, पण फुटबॉल बसून बघतात, बोट चालते, असा त्याचा युक्तिवाद होता. म्हणून रविवार ठरला. रविवारच्या दुसऱ्या दिवशी सोमवार येतो, हे सोलोमनला बरंच वाटलं. सोमवारी सकाळी नऊ चाळीसला लिलीची हॉस्पिटलची वेळ होती. शिरेतून द्यायच्या नवीन औषधाची पहिली बाटली.

आधीच्या तीन औषधांचा उपयोग झाला नव्हता. “अजून एक करून बघता येईल,” डॉक्टरीणबाई गुरुवारी म्हणाल्या होत्या, “पण मी आग्रह करणार नाही. तुम्ही ठरवा.” लिली म्हणाली, “बघू.” झिराडकरांच्या घरात ‘बघू’चा अर्थ काय होतो हे सोलोमनला बावन्न वर्षं माहीत होतं. गुरुवारपासून त्याने तो विषय काढला नव्हता. न विचारलेल्या प्रश्नाला नाही म्हणता येत नाही, एवढ्यावर तो चार दिवस टिकून होता.

धक्क्यावर पाऊस नव्हता, पण ऊनही नव्हतं. ऊन पॅकेजमध्ये धरलेलं नव्हतं. कॅटमरान म्हणजे दोन अरुंद होड्या, मधे फळ्या टाकून जोडलेल्या. पुढच्या बाजूला फळ्यांऐवजी जाळी. कप्तान गॅरेथ, वेल्श, गुडघ्यापर्यंत चड्डी, डोक्यावर ग्रीक नावाड्यांसारखी टोपी. त्याने सगळ्यांचे बूट एका टोपलीत जमा केले.

“देवळात आल्यासारखं वाटतंय,” लिली म्हणाली.

“तू कधी गेली होतीस देवळात?”

“शेजारच्या जोशीणबाईंबरोबर. प्रसादाला. तुम्हाला सांगितलं नव्हतं.”

“पन्नास वर्षांनी सांगतेस?”

“मग कधी सांगणार?” म्हणून ती नात एलाच्या हाताला धरून चढली. दुसऱ्या हातात स्टीलचा डबा होता. बाहेरचं खाणं आणायचं नाही असा नियम होता. गॅरेथने डब्याकडे बघितलं, लिलीकडे बघितलं, आणि नियम टोपलीत बुटांबरोबर ठेवून दिला.

बोट निघाली. स्पीकरवर तंतुवाद्य सुरू झालं, भलतंच आनंदी. समुद्र ताटलीभर थंड झालेल्या सांबारासारखा दिसत होता. समोर आयल ऑफ वाइट असायला हवं होतं, तिथे धुकं होतं.

“समोर आपलं पहिलं बेट,” गॅरेथने जाहीर केलं.

“कुठंय?” सोलोमनने विचारलं.

“आहे सर. नेहमीच्याच जागी.”

एला आजीला जाळीवर घेऊन गेली. सतरा वर्षांची पोर. मराठी आजीकडून शिकलेली, लिंगाचा हिशोब न ठेवता. “आजी, तू माझा जवळ झोप. हा जाळी एकदम सेफ आहे.” दोघी पालथ्या पडून खाली पाणी बघत राहिल्या. सोलोमन मागे फळीवरच बसला. खाली समुद्र दिसेल असल्या गोष्टीवर तो वेळापत्रकाशिवाय पाय ठेवत नसे. पण बसल्या जागेवरून त्याला एक गोष्ट दिसली, आणि मग दुसरं काही दिसेना. एला पडली होती तिथे जाळी वाटीसारखी खाली गेली होती. लिली पडली होती तिथे जाळीला कुणी आल्याचा पत्ताच नव्हता.

“डॅड, मम्मी खूश आहे ना?” लेव्हीने हळूच विचारलं. त्याने चेहऱ्यावर सनक्रीम लावली होती. पैसे भरलेत तर ऊन येईलच अशा बेताने.

“आहे ना.”

“उद्या मी सोडतो तुम्हाला हॉस्पिटलला. कामावर सांगितलंय मी.”

“नऊ चाळीस आहे. नऊ दहाला निघायचं.”

“तिने हो म्हटलं?”

सोलोमनने धुक्यातल्या बेटाकडे बघितलं. “नाही म्हटलेलं नाही,” तो म्हणाला.

इथे नवसाचं सांगायला हवं. फेब्रुवारीत रिपोर्ट आला त्या रात्री सोलोमन एलियाहू हन्नबीला, म्हणजे एलियाहू प्रेषिताला, नवस बोलला होता. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, माणसाला अडचणीत पहिला एलियाहू आठवतो. आभाळातून अग्नीच्या रथात बसून तो आपल्या अलिबागकडच्या खंडाळ्याला उतरला आणि खडकावर रथाच्या चाकाची खूण ठेवून गेला, हे कोकणातल्या प्रत्येक बेने इस्रायल पोराला माहीत असतं. नवस पुरा झाला की मलिदा करायचा. इतर मराठी माणसांना मलिदा म्हटला की तो कुणीतरी दुसऱ्यानेच खाल्लेला असतो. यांच्याकडे भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, भोवती फळं, आणि वर बराखा, म्हणजे आशीर्वादाचे शब्द.

एवढं सगळेच करतात. सोलोमनने जे केलं ते फक्त वेळापत्रक खात्यातला माणूसच करील. त्याने नवसाला तारीख दिली. फ्रिजवर एक कागद होता, लाल-निळ्या शाईत: औषधाच्या फेऱ्या, रक्त तपासण्या, स्कॅन, आणि शेवटची ओळ, रविवार सहा डिसेंबर, मलिदा, चाळीस माणसं, लंडन. कंसात ‘हॉल बघणे’. बस उशिरा येईल, पण कागदावर आहे म्हणजे येणारच, ही त्याची धर्मश्रद्धा होती आणि दुसरी कुठलीही तिच्याइतकी पक्की नव्हती.

एका खाडीच्या तोंडाशी गॅरेथने नांगर टाकला आणि जेवण मांडलं. ऑलिव्ह, काकडी, आणि पनीरला कुणी मिठाचा शाप दिला असावा असं एक पांढरं चीज. लिली एलाच्या खांद्याला धरून जाळीवरून परत आली, टेबलाशी बसली, आणि तिने चीज बाजूला सारून डबा मधे ठेवला.

“पुरणपोळी?” सोलोमनने विचारलं. त्याला खरंच भूक लागली होती.

तिने झाकण काढलं. गुळाचा आणि वेलचीचा वास आला. पोहे, खोबरं, वर केळ्याच्या चकत्या, कडेला पाच खजूर, आणि पानात बांधलेली गुलाबाच्या पाकळ्यांची पुडी.

“मी खोवला खोबरं,” एला म्हणाली. तिच्या अंगठ्याला प्लास्टर होतं.

सोलोमनने डबा जवळ ओढला. “हे काय? डिसेंबर कुठे आलाय?”

“नाही आला.”

“मग? नवस पुरा झाल्याशिवाय मलिदा करत नाहीत, लिली. तुला माहितीये. तुझ्या आईने मला शिकवलंय.”

“नवसाचा नाहीये हा. नुसता आभाराचा.”

“कसले आभार?” त्याचा आवाज चढला. “काय मिळालंय आपल्याला, आभार मानायला?”

“ते माझं मी बघते. तुम्ही फक्त बराखा म्हणा.”

लेव्हीने आधी आईकडे बघितलं, मग बापाकडे. एला आजीला चिकटून बसली. स्पीकरवरचा माणूस अजून आनंदात होता.

“आणि उद्या?” सोलोमनने शेवटी विचारलं. चार दिवस सांभाळलेला प्रश्न असा टेबलावर पडला, काकडीशेजारी.

“उद्या मी येणार नाहीये.”

“लिली—”

“ऐका. चिडायचं नाही. मी ती तीन औषधं घेतली ना? कुणासाठी घेतली? दर वेळी फ्रिज उघडायचे, दुधाच्या आधी तो कागद दिसायचा. नवस बोललात तुम्ही, आणि बरं व्हायचं मी. तारखेला. चाळीस माणसांची सोय करून.” ती हसली, मग खोकली, मग परत हसली. “दुसरी बाटली चालू होती तेव्हा मला उलट्यांपेक्षा हॉलची काळजी होती, अहो. तुम्ही हॉल बुक केलात आणि मी नाही झाले बरी, तर सोलोमन झिराडकरचं तोंड काय होईल.”

“हॉल बुक नाही केला मी,” सोलोमन म्हणाला. “नुसता बघितला.”

“तेच ते.”

“मी तो कागद काढून टाकतो. आज घरी गेल्यावर. तारीख बिरीख काही नाही. नुसती उद्याची एक बाटली घे. एक.”

“आणि मग?”

वेळापत्रकात पुढची ओळ नेहमी असते. सोलोमनने ती शोधली. त्याला सापडली नाही.

“याला दहा पुरुष असलेले बरे,” तो म्हणाला. बुडणाऱ्या माणसाला नियम दिसला तर तो नियम धरतो. “इथे मी आणि लेव्ही. दोन. तो गॅरेथ तर वेल्श आहे.”

“एलियाहू खंडाळ्याला उतरला तेव्हा दहा माणसं मोजून उतरला होता का? म्हणा. केळी काळी पडतायत.”

सोलोमनला ठाऊक होतं की लिली त्याच्याकडे बराखा मागत नाहीये. शब्द तिलाही पाठ होते, त्याच्यापेक्षा चांगले. त्याने एकदा म्हटले की मलिदा झाला, आणि मलिदा झाला की मागणं संपलं. आभार मानून झाल्यावर कुणी परत हात पसरत नाही. तेवढं दार त्याने स्वतःच्या तोंडाने लावायचं होतं.

त्याने खिशातून टोपी काढून डोक्याला लावली. लेव्हीने पेपर नॅपकिन डोक्यावर धरला, निळा-पांढरा. काहीतरी चाललंय हे बघून गॅरेथने संगीत बंद केलं आणि स्वतःची ग्रीक टोपी काढून हातात घेतली. नेमकं उलटं, पण मनापासून.

सोलोमनने झाडाच्या फळांची बराखा म्हटली आणि खजूर उचलला. जमिनीतल्या फळांची म्हणताना अडखळला. पन्नास वर्षं पाठ असलेलं वाक्य मधेच सुटलं, आणि लिलीने मागून पुढचा शब्द लावून दिला, पोराला जिन्याची पायरी दाखवावी तसा. सुवासाची बराखा शेवटी. पाकळ्यांची पुडी हातोहात फिरली. लेव्हीने ती नाकाशी धरली आणि बराच वेळ खाली घेतली नाही. त्याचे खांदे हलत होते. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही.

“आमेन,” लिली म्हणाली, आणि सगळ्यांना वाटीत मलिदा वाढला. स्वतः एक खजूर घेतला. अर्धा खाल्ला.

गॅरेथने दोनदा घेतला. “हे पॉरिज आहे का?” त्याने एलाला विचारलं. एलाने थोडा विचार केला. “सॉर्ट ऑफ,” ती म्हणाली.

जेवण आवरल्यावर लिली बाकावर आडवी झाली. गॅरेथने अंगावर ब्लँकेट टाकलं. सोलोमन तिच्या पायांशी बसला. तिचे मोजे ओले होते, त्याने ते काढले, पिळले, आणि कठड्यावर वाळत घातले. धुक्यात काही वाळत नसतं. मग त्याने मोबाइल काढला.

“कुणाला करताय?”

“हॉस्पिटलला. जो पॅसेंजर येणार नाही त्याने कळवायचं असतं. जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळते.”

लिलीने डोळे मिटले. तिने पाय त्याच्या मांडीवर ठेवले.

रविवार होता. मशीन लागलं. रुग्णाचं नाव, जन्मतारीख आणि निरोप बीपनंतर सांगा, असं एका प्रसन्न बाईने सांगितलं. बीप वाजला. सोलोमन बोलायला लागला. नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली. उद्या ती येणार नाही, म्हणाला. तिला नको झालंय. गुरुवारच्या डॉक्टरीणबाईंनी आग्रह केला नाही हे चांगलं केलं, त्यांना सांगा. शिरेला सुई लावणारी ती केरळची मुलगी होती तिला सांगा, लिली तिची आठवण काढते. आमच्याकडून उशीर नाही झाला कधी, रजिस्टर बघा, एकदाही नाही. आम्ही सगळं वेळेवर केलं. मग तो थांबला, आणि मशीनही थांबलं.

लिलीने डोळे उघडले. “अहो, हे सगळं मराठीत बोललात तुम्ही.”

सोलोमनने फोनकडे बघितलं. “हो?”

“त्यांना काय कळणार?”

“काही नाही.”

“मग उद्या वाट बघत बसतील.”

लेव्ही पुढे झाला. “डॅड, द्या, मी करतो.”

सोलोमनने फोन दिला नाही. त्याने परत नंबर लावला. परत तीच प्रसन्न बाई, परत तोच बीप. या वेळी तो इंग्रजीत बोलला. नाव, जन्मतारीख, सोमवार नऊ चाळीस, मिसेस झिराडकर येणार नाहीत, आभारी आहोत. इंग्रजीत सगळं मिळून अकरा सेकंदांत झालं.

निरोप ठेवायचा असेल तर एक दाबा, बाई म्हणाली. बदलायचा असेल तर दोन.

सोलोमनचा अंगठा पडद्यावर तसाच राहिला. बाईने तेच परत सांगितलं. तिच्या आवाजात जराही घाई नव्हती.

“दाबा,” लिली म्हणाली. तिने पायाने त्याच्या पोटाला हळूच ढोसलं. “बिल वाढतंय.”

त्याने एक दाबला.