एकोणचाळिसावी चिठ्ठी

तुम्ही मला वाचत नाही. नाव कुणाचं घेत नाही, पण ज्याला लागायचं त्याला लागेल. रोज सकाळी पोराचं बोट धरून तुम्ही माझ्यासमोरून जाता, माझ्या काचेत बघून केस सारखे करता, कॉलर नीट करता, आणि काचेच्या आत काय लावलंय याचा तुम्हाला पत्ता नसतो. फार तर मोबाइलवर माझा फोटो काढता. घरी गेल्यावर वाचू म्हणता. त्यातला एक तरी फोटो पुन्हा उघडलात का, खरं सांगा.

मी प्राथमिक शाळेच्या फाटकाशेजारचा सूचना फलक बोलतोय.

शाळेतलीच दोन मोडकी बाकं सोडवून एका सुताराने माझी चौकट केली. एका फळीवर कुणीतरी कर्कटकाने कोरलेली फुली होती, रंधा मारूनही ती गेली नाही. वर हिरवी बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, ताणून बसवली, पुढे काचेचं दार, दाराला एवढंसं कुलूप. पोरं टाचण्या काढतात, म्हणून कुलूप. किल्ली शाळेच्या मावशींच्या कमरेला. झाडणं, घंटा देणं आणि मला उघडणं ही त्यांची कामं.

पहिली सात वर्षं माझ्यावर नुसत्या तक्रारी लागल्या. 'सर्व पालकांना सूचित करण्यात येते की' अशी सुरुवात, आणि पुढे पाल्याची नखं वाढलेली असतात, पाल्य उशिरा येतो, पाल्याच्या बाटलीला झाकण नसतं. मला बरेच दिवस वाटायचं, पाल्य हा कुणीतरी एकच महाउपद्व्यापी प्राणी असावा. चांगलं काही सांगायचं असेल तर शाळेला कागद लागत नसे, कारण चांगलं कुणी सांगतच नसे.

मग दुसरीला नव्या बाई आल्या. तरुण, भरभर चालणाऱ्या. आल्याच्या तिसऱ्या आठवड्यात त्या मुख्याध्यापिकांना, म्हणजे मोठ्या बाईंना, ओढतच माझ्यापुढे घेऊन आल्या.

"अर्धा फलक मला द्या."

"कशाला?"

"बातम्या लावायला. रोज माझ्या वर्गातल्या एका मुलाची."

"नंबर आलेल्यांच्या?"

"नंबराचं काय घेऊन बसलात, बाई. त्या मुलाला त्या दिवशी जे जमलं त्याची."

"आणि ज्याला काहीच जमत नाही त्याचं?"

"असं मूल मला दाखवा."

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "शेवटी लाडक्यांच्याच लागतील. मी बत्तीस वर्षं बघतेय."

"यादीने जाईन. एकही सुटणार नाही."

मला तेव्हाच त्या आवडल्या. अजूनही आवडतात, पुढे जे झालं ते होऊनसुद्धा.

सहामाही परीक्षा संपली आणि पहिली चिठ्ठी लागली. वर मुलाचं नाव, खाली एक-दोन ओळी. 'आज याने बुटाची नाडी स्वतः बांधली आणि मधल्या सुट्टीत चौघांना शिकवली.' दुसऱ्या दिवशी, 'आज मैत्रीण हातचा विसरली तेव्हा हिने उत्तर सांगितलं नाही, नुसतं तिथे बोट ठेवलं.' मग, 'आज हिला रडू आलं. तरी गोष्ट संपेपर्यंत ऐकत बसली.' शाळा सुटताना मावशी काच उघडायच्या. ज्याची चिठ्ठी असेल त्याच्या घरच्यांनी आपल्या हाताने टाचणी काढायची आणि चिठ्ठी घरी न्यायची, असा रिवाजच पडला. ट्रक चालवणाऱ्या एका बापाने चिठ्ठी दोनदा वाचली. "मी शाळेत असताना माझा एकही चांगला कागद घरी गेला नव्हता," एवढंच म्हणाला, आणि ती शर्टाच्या खिशात ठेवून गेला.

अकरा चिठ्ठ्या झाल्या होत्या तेव्हा ती आली. शिंप्याची मुलगी. आजीकडे लहानाची मोठी झालेली, तिथल्याच शाळेत जाणारी. आता बापाने तिला आपल्याजवळ आणलं होतं. त्याच्या गळ्यात कायम टेप, बाहीला दोऱ्याचे तुकडे. पहिल्या दिवशी बाईंनी फाटकाशीच तिला जवळ घेतलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "इथे यादीने सगळ्यांची बातमी लागते. तुझीपण लागणार हं."

त्या दिवसापासून दोघं रोज सकाळी माझ्यापुढे थांबू लागली. बाप मोठ्यांदा वाचायचा, एकेक शब्द टाका घालावा तसा. नाडीची चिठ्ठी त्याने मागाहून कुणाकडून ऐकली असावी, कारण तो मुलगा दिसल्यावर त्याने वाकून विचारलं, "नाडीवाले साहेब ते तुम्हीच का?" पोरगं दोन दिवस छाती काढून हिंडत होतं. दुसऱ्याच्या मुलाची बातमी इतक्या मनापासून वाचणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता.

मुलगी बोलायची नाही. बापाच्या कानात थोडंफार, वर्गात अजिबात नाही. हजेरीला नुसता हात वर करायची. हे मला बाईंकडूनच कळलं, त्या फाटकाशी बापाला सांगत होत्या.

"आजीकडे असताना मैनेसारखी बोलायची," तो म्हणाला. "बहीण म्हणते, पोरगी घुमी झाली, परत पाठव. मी म्हटलं, तिचं नाव एकदा लागू दे. आपलं कुणी बघतंय म्हटल्यावर खुलेल."

"नक्की खुलेल," बाई म्हणाल्या.

अडतिसाव्या चिठ्ठीच्या दिवशी बापाने तिच्याकडे बघून मान डोलावली. आता राहिलं कोण, तीच. दुसऱ्या दिवशी दोघं दहा मिनिटं आधी आली. तिच्या वेण्या घट्ट घातलेल्या, मोजे पांढरेशुभ्र. माझ्यावर नाव होतं पुन्हा पहिल्याच मुलाचं.

"विसरल्या असतील," बाप म्हणाला. "उद्या बघू."

उद्या दुसऱ्या मुलाचं लागलं.

तिसऱ्या दिवशी तिने माझ्याकडे बघितलंच नाही. बुटाच्या टोकाने एक खडा ढकलत सरळ आत गेली. बाप मात्र थांबला. त्याने चिठ्ठी वाचली, नेहमीसारखी मोठ्यांदा, ऐकायला कुणी नसताना.

त्या दुपारी तो बाईंना म्हणाला, "सोमवारी शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज आणतो. माझ्याजवळ राहावी असं फार होतं मनात. पण पोरीचा जीव घुसमटवून नको." चिठ्ठीचा शब्दसुद्धा त्याने काढला नाही. मागून घेतलेलं कौतुक त्याला नको असावं. आणि बाई, यादीवर पक्का विश्वास असलेल्या बाई, एवढंच म्हणाल्या, "थोडे दिवस थांबला असता तर."

मला तोंड असतं तर मी तिथल्या तिथे ओरडलो असतो. बाईंनी ठरवून कुणाला वगळलं नव्हतं. उलट कुणी सुटू नये म्हणूनच त्या यादीला धरून बसल्या होत्या. पण यादीत जे नाही ते त्यांना दिसत नव्हतं, आणि ज्यांना दिसत होतं ते भिडेपोटी गप्प होते. तुम्ही घरचे लोक इतके का हो बिचकता? आमच्या मुलाचं राहिलं, एवढं म्हणायला काय हरकत आहे? शाळेत पाऊल टाकलं की तुम्ही स्वतःच दुसरीतले होता. मी काय, फळी आणि बनात. माझ्यावर लागेल तेवढंच मला सांगता येतं. बाकीचं तुम्ही बोलायचं असतं. आणि बाई, तुम्हालाही हात जोडून सांगतो, यादीपेक्षा एकदा बाकांकडे बघून मोजा.

सोमवारी मधली सुट्टी संपत आली तेव्हा मावशी किल्ली घेऊन आल्या. मागे ती. आत कुठे, काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, मी फाटकापाशी खिळलेला. मावशींनी काच उघडली आणि तिला काखेत धरून उचललं. तिने मुठीतला कागद माझ्यावर लावला. शिंपी कपड्याचा आराखडा कापतात तो खाकी कागद. टाचणीही शिवणाची, लाल डोक्याची. ती टाचणी अजून माझ्या बनातीत आहे. कागद घरी गेला, टाचणी कुणाला काढवली नाही.

शाळा सुटताना बाईंचं लक्ष गेलं. त्या वाचू लागल्या. अक्षरं वाकडी, पण जागच्या जागी.

'माझे बाबा रोज सगळ्यांची बातमी वाचतात. शनिवारी माझी नव्हती तरी वाचली. मी खिडकीतून बघितलं.' खाली तिचं नाव.

बाई पळतच वर्गात गेल्या आणि कपाटाच्या दाराला चिकटवलेली यादी सोलून घेऊन आल्या. तोवर बापही आला होता. त्याच्या हातात घडी घातलेला अर्ज.

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती. "ही यादी वर्षाच्या सुरुवातीची. अडतीस नावं. ती नंतर आली, हजेरीत मी तिला एकोणचाळीस नंबर दिला, आणि या यादीत लिहिलंच नाही. उद्या तिची लावते. नाही, आत्ता लावते."

"असू द्या, बाई," बाप म्हणाला. त्याने खाकी कागद वाचला. या वेळी मोठ्यांदा नाही. मग अर्जाची घडी अंगठ्याने दाबत राहिला. "पण लिहिणार काय? तुम्हीच म्हणता ना, ती कुणाशी एक शब्द बोलत नाही. मग कशाच्या जोरावर ठेवू तिला इथे?"

मुलगी दोघांच्या मधे, मान खाली. मावशी माझ्या पायाशी झाडत होत्या, त्यांनी झाडू थांबवला.

"कोण बोलत नाही, ही? मधली सुट्टीभर माझ्यामागे फिरली. मावशी कुलूप काढा, मावशी बाबा येतील, मावशी मला उचला. माझं डोकं खाल्लं या पोरीनं."