म-सतराचा शेवटचा पेपर

मेलेल्या विद्यार्थ्याचे गुण वाढवावेत का, हा प्रश्न कुठल्याही परीक्षेत विचारत नाहीत. क्षिप्राला तो सोमवारी सकाळी व्हॉट्सॲपवर आला.

पाठवणारा अनुराग, क्लासचा कोऑर्डिनेटर. माणूस वाईट नव्हता. फक्त सगळ्या जगाचं काम दोन ओळींत उरकायची सवय होती त्याला. "मॅडम, वो म-सत्रह था ना, यतीन, उसके फादर आए हैं. लास्ट कॉपी माँग रहे हैं, चेक की हुई. आप ही दे आओ, मराठी में बात हो जाएगी. और मॅडम, मार्क्स थोड़ा देख लेना यार. तीन अच्छा नहीं लगता." पुढे जोडलेले हात, दोन वेळा.

पंधरापैकी तीन. दिले होते क्षिप्रानंच, गुरुवारी संध्याकाळी, लाल अक्षरांत. शुक्रवारी पोरगा गेला.

क्षिप्रा छत्तीस वर्षांची. नाशिकहून दिल्लीला आली ती कलेक्टर व्हायला. सहा प्रयत्न झाले, दोनदा मुलाखतीपर्यंत जाऊन आली, वय संपलं आणि मुनिरकातली भाड्याची खोली तेवढी उरली. परत जायला तोंड नव्हतं, म्हणून मग जी परीक्षा आपल्याला पास करता आली नाही तिचे सराव पेपर ती तपासू लागली. ऐच्छिक भूगोल मराठीतून लिहिणारी मुलं दिल्लीत असतात किती? त्या क्लासकडे अठरा होती. अठराही क्षिप्राच्या वाट्याला. मुलांना तिचं नाव माहीत नसे, तिला मुलांचं. पेपरवर त्यांचा फक्त नंबर आणि खाली 'परीक्षक क्र. ४'. मुलं घरी बसून कागदावर लिहायची, मोबाइलवर फोटो काढून पाठवायची आणि ती टॅबलेटवर लाल पेनानं तपासून परत करायची. ओळख नको, म्हणजे पक्षपात नको, असा क्लासचा शहाणपणा.

पण आठ महिने एकाच माणसाचं अक्षर वाचल्यावर ओळख राहते कशी लांब? म-सतराचं अक्षर बारीक, उभं, काना-मात्रा जागच्या जागी. उत्तराच्या आधी तो नकाशा काढायचा. तिनं शेरा लिहिला की पुढच्या पेपरच्या समासात त्याचं उत्तर यायचं: 'सुधारतो, सर.' क्षिप्रा आपण सर नाही हे त्याला सांगू शकत नव्हती. एकदा त्यानं दुष्काळाच्या उत्तरात लिहिलं होतं, 'माझे वडील आटपाडीला पावसाची नोंद ठेवत. एका वर्षी त्यांनी सलग सत्त्याऐंशी दिवस शून्य लिहिले.' क्षिप्रानं त्या ओळीखाली लाल रेघ मारून लिहिलं, 'वैयक्तिक उदाहरण टाळा.' आणि मग ती ओळ स्वतःशीच दोनदा वाचली, कारण त्या अख्ख्या गठ्ठ्यात तेवढीच ओळ जिवंत होती.

त्या गुरुवारी पाऱ्यानं सत्तेचाळीस गाठले होते. राजस्थानकडून येणारी उष्ण वाऱ्याची लू गल्लीत शिरली की बाहेर पडायला तिलाच वाट सापडू नये, इतक्या मुनिरकाच्या गल्ल्या अरुंद. दुपारी तीनला वीज गेली. पेपरची वेळ दोन ते पाच. संध्याकाळी सहा वीसला म-सतराचा पेपर आला, तेव्हा क्षिप्रा पाण्यानं भरलेल्या बादलीत पाय सोडून बसली होती. हे तिला नंतर फार आठवणार होतं.

पहिली पाच उत्तरं नेहमीसारखी. सहाव्यापासून ओळी उजवीकडे घसरू लागल्या. अक्षर मोठं झालं, मग सैल झालं. शेवटचा प्रश्न होता: पश्चिम आशियाचा बहुतेक भाग कोरडा का आहे ते नकाशासह स्पष्ट करा. हा तर त्याचा हातखंडा प्रश्न. आधी दोनदा लिहिलेला. अरबस्तानचा किनारा तो हात न उचलता एका रेषेत काढायचा. डावीकडे तांबडा समुद्र, उजवीकडे आखात, वर तुर्कस्तानचे आणि इराणचे डोंगर, खाली रिकाम्या वाळवंटात वाळूचे चार ठिपके. मग कारणं: वरून खाली उतरणारी कोरडी हवा, समुद्राची वाफ अडवणारे डोंगर, जमिनीवरून वाहणारे वारे. आणि शेवटी त्याचं ठरलेलं वाक्य: 'कोरडा प्रदेश म्हणजे केवळ कमी पावसाचा नव्हे, जेथे पडते त्याहून जास्त उडून जाते, तो.' मागच्या वेळी या उत्तराला तिनं अकरा दिले होते. अकराच्या वर ती कुणालाच देत नसे.

या वेळी नकाशाच्या जागी एकच रेघ होती. वरच्या कोपऱ्यातून निघाली, वाकडीतिकडी खाली आली आणि कागदाबाहेर गेली. उत्तरेकडचा कॅस्पियन समुद्र त्यानं दक्षिणेत, येमेनच्या खाली लिहिला होता. 'वारा जमिनीकडून येतो' हे वाक्य चार वेळा, एकाखाली एक. पाचव्यांदा 'वारा जमि' इथंच थांबलं होतं.

क्षिप्राला राग आला. राग कसला, हिरमोडच म्हणा ना. आपला म्हणून मनात धरलेला पोरगा असा वाया चाललेला बघून होतो तो. मोबाइल बघत लिहिलंय मेल्यानं, असं ती मोठ्यानं म्हणालीसुद्धा. मग क्षणभर हात थांबला. तिनं अनुरागला टाइप केलं, 'म-१७ ठीक है ना? लिखावट अजीब लग रही है.' पण मागच्या महिन्यात दुसऱ्या एका मुलीबद्दल तिनं असंच विचारलं होतं, तेव्हा अनुराग म्हणाला होता, "मॅडम, आप एग्ज़ामिनर हो, मम्मी नहीं." ते लागलं होतं तिला. चांगलंच लागलं होतं. तिनं टाइप केलेलं पुसलं आणि पेपरवर लिहिलं: 'नकाशा? तथ्ये चुकीची. शेवटच्या उत्तरापर्यंत एकाग्रता टिकवा. ३/१५.' आठ वाजता पेपर परत पाठवला.

म-सतरा तपासलेला पेपर दहा मिनिटांत उघडायचा. या वेळी क्लासच्या ॲपवर 'पाहिले नाही' असंच येत राहिलं. शुक्रवारी सकाळीही तेच. रुसला असेल, क्षिप्राला वाटलं.

तो तिच्याच मुनिरकात राहत होता. चार गल्ल्या पलीकडे, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. वीज गेल्यावर कूलर बंद पडला आणि टाकीतलं पाणी दुपारीच संपलेलं. त्या पत्र्याखाली बसून त्यानं तीन तास पेपर लिहिला, फोटो काढले, पाठवले, आणि मग बहुधा उठलाच नाही. शुक्रवारी अकराच्या सुमारास शेजारच्या खोलीतल्या मुलानं दार ढकललं. यतीन हे नाव क्षिप्राला तो गेल्यावर कळलं.

सोमवारी दुपारी तिनं टॅबलेट उघडला. तीनचा आकडा पुसायला एक बोट पुरलं. तिथं तिनं अकरा लिहिले. शेरा पुसून 'उत्तम प्रयत्न' लिहिलं. बापाच्या जिवाला तेवढाच आधार, असं तिनं स्वतःला समजावलं. आणि आपल्यालाही, हे काही समजावलं नाही. जवळच्या बेर सराय वस्तीतल्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढताना मात्र काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं जुना तपासलेला पेपरही काढला आणि पर्समध्ये तळाशी घडी करून ठेवला.

वडील कोपर्निकस मार्गावरच्या, आपल्या राज्याच्या जुन्या सदनात उतरले होते. कुणा ओळखीच्या साहेबाच्या चिठ्ठीवर खोली मिळालेली. कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी ताठ बसलेला, पांढऱ्या टोपीचा, खिशाला पेन लावलेला माणूस पाहून क्षिप्रानं ओळखलं. बसणंही अक्षरासारखंच, उभं.

"काका, मी क्षिप्रा. यतीनचे पेपर मी तपासायचे."

वडील, खंडेराव, उठून उभे राहिले. "तुम्ही? तो तर सर म्हणायचा. सर लई कडक आहेत म्हणायचा, पण वाचतात मनापासून." मग त्यांना उभं राहून काय करायचं ते सुचेना, म्हणून ते बसले. "चहा घेणार का ताई?"

चहा आला. कुणी घेतला नाही.

"आमच्याकडं पण ऊन असतंय," खंडेराव म्हणाले. "ऊन बघतच जन्म गेला. पण रात्री गार होतंय हो आमच्याकडं. इथं काल मी गच्चीवर जाऊन आलो, त्याच्या खोलीत. पत्र्याला रात्रीसुद्धा हात लावता येत न्हाई." त्यांनी कप बाजूला सारला. "त्याच्या हातचं शेवटचं काय असंल तर ते बघावं म्हटलं."

क्षिप्रानं नवी प्रिंट पुढे केली. गुणांकडे त्यांचं लक्ष जावं म्हणून तिनं शेवटचं पानच वर ठेवलं होतं. खंडेरावांनी चष्मा लावला. गुणांकडे पाहिलंच नाही. ते पानं उलटी चाळत पहिल्या पानापर्यंत गेले आणि मग एकेक ओळ बोटानं धरून पुढे येऊ लागले. सहाव्या उत्तरापाशी बोट थांबलं.

"इथनं त्याला बरं न्हाई," ते म्हणाले.

क्षिप्रा टेबलावर पुढे वाकली.

"हे बघा. हा त्याचा र न्हाई. इथं तर पेन धरवत नव्हतं त्याला." बोट पुढे सरकलं, कागदाबाहेर गेलेल्या रेघेपाशी आलं. "पोरगा भ्रमलाय हितं. ऊन लागल्यावर माणूस असंच एकच एक बोलत राहतो. आमच्या रोजगार हमीच्या कामावर बघितलंय मी." मग पहिल्यांदा त्यांची नजर लाल आकड्यावर गेली. "ताई, ह्याला अकरा कसे दिले?"

विचारण्यात आरोप नव्हता. चार इयत्ता शिकलेल्या पोरालाही जे दिसेल ते तुम्हाला कसं दिसलं नाही, इतकंच होतं त्यात.

"मी एकतीस वर्षं पाऊस मोजला," खंडेराव म्हणाले. "पाटबंधारे खात्यात. रोज सकाळी साडेआठला जायाचं, भांडं बघायचं, लिहायचं. पाऊस नसला तरी जायाचं आणि शून्य लिहायचं. आमचे साहेब एकदा म्हणाले, खंडेराव, दुष्काळ पडलाय, वर आकडा बरा दिसत न्हाई, दोन-तीन मिलिमीटर टाका मधनं मधनं. न्हाई टाकले. जे भांड्यात न्हाई ते कागदावर आलं, तर पुढं कुणी पाणी धाडायचं?"

क्षिप्राला वाटलं, आता उठावं आणि पळावं. आयुष्यात इतकी लाज तिला सहाव्यांदा नापास झाल्यावरही वाटली नव्हती. तिनं पर्सच्या तळातली घडी काढली आणि टेबलावर उलगडली.

"हा खरा आहे, काका. तो आज केलाय."

खंडेरावांनी शेरा वाचला, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून, जसा कधीकाळी पोराचा अभ्यास घेतला असेल तसा. "शेवटच्या. उत्तरापर्यंत. एकाग्रता. टिकवा." पुन्हा एकदा वाचला, या वेळी मनात. टोपी काढून टेबलावर ठेवली. बाजूच्या टेबलावर कुणीतरी मोठ्यानं हसत होतं, ते हसणं संपेपर्यंत ते थांबले.

"टिकवलीच की हो त्यानं," ते म्हणाले.

क्षिप्रा रडू लागली. त्यांनी तिला थांबवलं नाही आणि समजावलंही नाही.

"तुमच्याकडं हे कधी आलं?"

खोटं बोलायची एक शेवटची जागा होती. दुसऱ्या दिवशी पाहिलं, उशिरा पाहिलं, काहीही चाललं असतं. कोण तपासायला जाणार होतं?

"गुरुवारी संध्याकाळी. सहा वीसला. लगेच वाचलं मी. अक्षर वेगळं आहे हे दिसलं होतं मला. विचारायला मेसेजसुद्धा लिहिला होता. मग पुसला."

खंडेराव बोटांवर तास मोजत राहिले. "डॉक्टर म्हणले, पहाटेपर्यंत होता तो."

एवढंच म्हणाले. एखादी शिवी दिली असती तर क्षिप्राला सोसली असती.

मग त्यांनी अकरा गुणांचा पेपर तिच्याकडे परत सरकवला. तीन गुणांचा आपल्यापुढे घेतला, खिशाचं पेन काढलं आणि वरच्या कोऱ्या जागेत बारीक, उभ्या अक्षरांत लिहिलं: 'गुरुवार. मिळाल्याची वेळ सायं. ६.२०.' लिहिताना हात जराही हलला नाही. तेच अक्षर होतं. आठ महिने तिनं वाचलेलं अक्षर यांच्याकडूनच आलं होतं.

पेन त्यांनी तिच्यापुढे धरलं.

"नोंदीखाली घेणाऱ्याची सही लागते," ते म्हणाले. "नंबर नको. नाव लिहा."

क्षिप्रानं डोळे पुसले, 'परीक्षक क्र. ४' च्या शेजारी जागा शोधली आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं.