चांदसाबच्या पडद्यावरचा हमाल

शाळेच्या पटांगणात पडदा लागला तेव्हा गोजरबाई दीर धोंडीरामाच्या शेजारी सतरंजीवर बसली होती. सिनेमा त्यांच्याच चाळीतल्या चांदसाबचा. एरवी थेटरांचे बोर्ड रंगवणारा हा माणूस वर्षभर काळ्या पुठ्ठ्याची माणसं कापत होता. हात, पाय, मान वेगळी कापायची, दोऱ्यानं सांधायची, खालून दिवा लावलेल्या काचेवर ठेवायची. जरा सरकवून फोटो, पुन्हा सरकवून फोटो. आता ती माणसं पडद्यावर चालत होती आणि सगळी चाळ हसत होती.

मग एक हमाल आला. खांद्यावरचं पोतं त्यानं टाकलं, बसायच्या आधी टाचेनं जमीन चाचपली, मगच टेकला.

गोजरबाईचं हसू जागीच थिजलं. विंचू चावल्यापासून तिचा नवरा कुंडलिक असाच बसायचा. पण कुंडलिक बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेला आणि तिकडंच पटकीनं मेला. तसा निरोप धोंडीरामानंच आणला होता. तेव्हापासून ती मोकळ्या कपाळानं विड्या वळत होती.

सिनेमा संपताच तिनं चांदसाबला गाठून विचारलं, हा हमाल कुठला? कुंडलिक गेल्यावर चाळीत राहायला आलेला, त्याला कधी न बघितलेला चांदसाब खुशीत सांगू लागला, की गेल्या हंगामात अकलूजकडच्या एका साखर कारखान्यात पाट्या रंगवत होतो, तिथला एकजण असाच बसायचा. गंमत वाटली म्हणून तसाच कापला.

तिनं वळून दिराकडं बघितलं. धोंडीराम खाली मान घालून उभा होता.

"वैनी, दादाच म्हनला, मेलो म्हून सांग. तितं त्यानं दुसरं घर केलंय."

तिला रडू आलं नाही. तिनं सतरंजी झटकून तिची घडी घातली.

सकाळच्या पहिल्या एसटीनं ती धोंडीरामाला घेऊन अकलूजला गेली. कारखान्याच्या फाटकात तिला बघून कुंडलिक पांढराफटक पडला. त्याच्या नव्या बायकोबद्दल तिनं अवाक्षर काढलं नाही.

"म्या कुकू पुसलं त्या दिशी तुमी काय जेवला हुता?"

मग ती फाटकातून माघारी वळली.

परतीच्या गाडीत कंडक्टरनं विचारलं, कुठं जायचं? तिनं तोंड उघडलं, पण गावाचं नावच आठवेना. शेवटी धोंडीरामानं तिकिटं काढली.