सुभेदारांच्या फियाटचा खड्डा

“लांबीचा, त्या पुट्टीचा, कण जरी सापडला ना दादा, तर ही मिशी काढून तुमच्या हातात दीन!” नानासो डेंटरनं फियाटच्या बॉनेटवर थाप मारली. “निस्ता पत्रा ठोकून सरळ केलाय. माशी बसली तर घसरून पडंल.”

माशी बसलेलीच होती. रंग ओला असताना बसली ती कायमचीच. नानासोनं हळूच तिच्यावर फडकं टाकलं. धैर्यशीलचं लक्ष नव्हतं. स्वतःच्या वरातीला तो आजोबांची ही जुनी फियाट काढणार होता आणि सध्या तिच्या दाराच्या चकाकीत भांग बघून घेत होता.

इस्लामपुरातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये एवढी चकाचक गाडी कधी उभी राहिली नव्हती. पण नानासो सकाळपासून तिच्या डाव्या दाराकडं बघायचं टाळत होता. धैर्यशीलचे आजोबा, सुभेदार हरीआबा, होते तोवर दर दसऱ्याला गाडी घेऊन यायचे. “पॉलिश मार, गंज काढ, काय बी कर. पर डाव्या दाराच्या खड्ड्याला हात लावायचा न्हाई. ऑर्डर हाय!” नानासो कडक सलाम ठोकायचा.

आबा गेले आणि वर्षाच्या आत त्यानं तो खड्डा बुजवला. विसरून नव्हे. लांबी कालवताना ऑर्डर चांगली आठवत होती. पण गाडीचे फोटो गावभर फिरणार, आणि त्यात हा खड्डा म्हणजे नवरदेवाचा पुढचा दात पडल्यागत. ‘मेलेलं माणूस बघाया येतंय व्हय?’ असं म्हणून त्यानं लांबी थापली.

आबा नाहीत आले. त्यांची बायको आली.

मनुबाईंना रिक्षातून उतरवून धैर्यशीलनं गाडीपुढं उभं केलं. “आज्जी, ओळख बघू, कुणाची गाडी!”

मनुबाईंना आता माणसंसुद्धा सावल्यांसारखी दिसायची. त्या चाचपडत डाव्या दारापाशी गेल्या. तळवा खाली फिरवला, वर फिरवला, परत खाली.

“धैर्या, ही आपली न्हवं रं. कुनाची आनलीस?”

“आपलीच आहे, आज्जी!”

“आपल्या गाडीला हितं खड्डा हाय. मेढ्यास्नं नवी नवरी आले तवा यांनी मला रानातल्या वाटंला गाडी शिकवली. म्या नेली ती थेट उसाच्या बैलगाडीवर! सासूबाई काठी घिऊन आल्या, तर हे म्हनले, ‘म्याच ठोकली.’ सुट्टी संपंपातुर आयच्या शिव्या खाल्ल्या, पर माझं नाव काय सांगितलं न्हाई.” त्यांनी परत एकदा दार चाचपलं. “वरातीत म्या खिडकीतनं तेवढा त्याला हात लावून बसनार हुते.”

नानासोला सलाम आठवले. एकूण एक.

“आता ठोकून सरळ केलाय म्हणजे गेलाच की तो,” धैर्यशील म्हणाला. “हो ना, नानासो?”

‘व्हय’ म्हटलं की मिशी वाचत होती. नानासोनं छिन्नी उचलून सरळ त्या चकचकीत दाराला लावली.

“अहो! अहो, काय करताय!” धैर्यशील किंचाळला.

भाकरीएवढा पापुद्रा निघाला. आत खड्डा जसाच्या तसा होता, जुन्या रंगासकट.

“हितंच हाय, काकी. ठोकलाच न्हवता. आतनं दार खोलायचा कटाळा केला, वरनंच लांबी थापली. आबांनी नको म्हनलेलं, तरी थापली.”

इतक्या वर्षांत नानासोचा आळस पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडला होता. मनुबाईंनी खड्ड्यात तळवा ठेवला. तो बरोबर बसला.

“मिशी?” धैर्यशीलनं हात पुढं केला.

“ऱ्हाऊ दे रं,” मनुबाई म्हणाल्या. “ लग्नात मिरवायचंय त्याला.”

“बरं, आणखी कुठं कुठं आहे लांबी?”

मनुबाईंचा हात अजून दारावरच होता. नानासो दुसरीकडंच बघत म्हणाला, “आईशप्पत दादा, येवढीच.”

धैर्यशीलनं आज्जीला मागं बसवलं, दार आपटलं आणि रागारागात गाडी मागं घेतली. ती शेडच्या खांबावर गेली.

खिडकीतून मनुबाईंचा आवाज आला, “घाबरू नगं, धैर्या. घरी सांगू, म्या ठोकली.”

धक्क्यानं पुढच्या मडगार्डवरची लांबी सुटली आणि अख्खीच्या अख्खी नानासोच्या पायाशी येऊन पडली.