इन्काच्या देवाला फुटलेला घाम

"फुटला! घाम फुटला!"

कॅनडात, मिसिसागातल्या त्या कॉन्डो फ्लॅटमध्ये वीस माणसं एकदम गुडघ्यांवर आली. टेबलावर वीतभर सोनेरी देव, आणि त्याच्या मिटल्या डोळ्यांखालून खरंच थेंब ओघळत होते!

"कोलंबसाच्या आधीचा, पेरू देशातला देव हा!" तो घेऊन आलेले सूर्यकांतकाका गरजले. "इन्का म्हणजे कोण? इंद्रकाका! अपभ्रंश हो, अपभ्रंश! लताताई, विश्वनाथराव आलेत, रडताहेत. इन्सुलिनचा वास त्यांना सोसत नाही. ते सोडा, मग जवळ येतील."

लताताई म्हणजे कस्तुरीची आई, विश्वनाथराव तिचे बाबा. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते, आणि काकांचं ऐकून आईनं कालपासूनच इन्सुलिन टोचलं नव्हतं. ती बाबांच्या रिकाम्या खुर्चीपुढे चहा ठेवायची. सकाळी ती खुर्ची करकरली. हीटरनं लाकूड करकरतं, हे ठाऊक असूनही कस्तुरीच्या अंगावर काटा आला होता.

तरी ती पुढे झाली. पोरगी बारावीतली, पण शाळेच्या को-ऑपसाठी, म्हणजे कामाच्या अनुभवासाठी, जुन्या वस्तू पारखणाऱ्या बाईंकडे शिकत होती. "काका, बघू?"

"हात भाजेल, पोरी!"

भाजतोय कसला, गारठला! तिनं देव उलटा केला. "अस्सल मूर्तीला मेणाच्या पुतळीवर मातीचा साचा चढवतात, मेण वितळवून धातू ओततात. साचा फोडूनच मूर्ती निघते, म्हणून जोड नसते. इथे दोन्ही कुशींवर रेघ आहे. दोन अर्ध्या साच्यांतली नक्कल, वर मुलामा."

"नक्कल असेल गं, पण घाम?" निधीमावशी कुजबुजली.

"काका, देव कुठे होता?"

"गाडीच्या डिकीत. एकांतात."

"बाहेरच्या उणे अठरा अंशांत!" कस्तुरीनं देवघरातली पंचपात्री बाल्कनीतल्या बर्फात खुपसली. दहा मिनिटं ती तिथेच राहू दिली; आत हवेत वाफ सोडणारा ह्युमिडिफायर फुसफुसत होता. मग तिनं पंचपात्री आत आणून कोरडी पुसली आणि देवाशेजारी ठेवली. तांबं धुरकटलं, आणि थेंब ओघळले.

"हवेतली वाफ गार धातूवर बसते. बाहेरून आल्यावर चष्मे धुरकटतात ना, तेच! आई, आता पंचपात्रीतही बाबा आलेत का?"

सूर्यकांतकाका टोपी शोधू लागले. दुसऱ्यांना घालायची नव्हे, स्वतःची.

आई थेंबांकडे बघत राहिली. "म्हणजे हे आलेच नव्हते, कस्तुरी?"

"नाही, आई."

आई रडली, अगदी पोटातून. मग उठून तिनं फ्रिज उघडला आणि इन्सुलिन काढलं.

मंडळी, गेलेल्या माणसासाठी हवं तेवढं रडा. पण औषध सोडा म्हणणाऱ्याला आधी दार दाखवा, आणि मग डॉक्टरांना फोन करा!