दोन आवाजांचे घर

पौषाच्या तोंडावरची पहाट वसईच्या वाड्यांत उतरते ती हळुवार, दवभिजल्या पावलांनी. केळीच्या रुंद पानांवरून थेंब ओघळतात, पानवेलींच्या हिरव्या कमानींखाली काळोख उगाच रेंगाळतो, आणि बावखलाच्या, पावसाचे पाणी जपून ठेवणाऱ्या त्या जुन्या तळ्याच्या, शेवाळश्यामल जळावर धुके पसरते. सुंदर असते ते सारे. पण त्या सौंदर्याला दार नसते. चहूकडे केळी, केळींपलीकडे कुंपण, कुंपणापलीकडे पुन्हा केळी, आणि या हिरव्या वेढ्याच्या मधोमध एक कौलारू घर. त्या घरात रेजिना राहत होती, आणि तिचा नवरा बस्त्याव.

रोज तिन्हीसांजेला चर्चची घंटा झाली की त्या घरातून जपमाळेची प्रार्थना ऐकू येई. 'नमो मारिये' हा पूर्वार्ध बस्त्याव म्हणे, 'पवित्र मारिये' हा उत्तरार्ध रेजिना. त्याचा स्वर भरदार, घोगरा, ओल्या मातीच्या वासाचा. तिचा बारीक, एकसुरी, विहिरीत सोडलेल्या दोरासारखा सरळ. पन्नास वेळा तो हाक देई, पन्नास वेळा ती ओ देई. वाटेने जाणारी माणसे क्षणभर थांबत, "केवढं प्रेमाचं घर!" म्हणत, आणि आपापल्या घरी जाऊन भांडत.

वाटेवरच्या कुणालाच ठाऊक नव्हते, की त्या पन्नास हाका आणि त्या पन्नास ओ सोडल्या, तर गेली नऊ वर्षे त्या दोघांत एक शब्दही झालेला नव्हता.

नऊ वर्षांपूर्वी रेजिनाच्या भाचीचे लग्न होते. मांडव झेंडूने पिवळा, अबोलीने केशरी. लाल लुगड्यांतल्या वयस्क बाया गात होत्या, बँड घुमत होता, हळदीच्या, तांदळाच्या, मोगऱ्याच्या वासाने हवा जड झाली होती. बस्त्याव तेव्हा प्यायचा. हातात पेला, पाय डळमळते, जीभ सैल. रेजिना जवळ गेली आणि हळूच म्हणाली, "आता पुरे करा. लोक बघतात." एवढेच म्हणाली ती. आणि त्याचा हात उठला.

भर मांडवात. साऱ्या माहेरासमोर. बँड थांबला नाही, गाणे थांबले नाही. नुसती एका बाईची मान वळली आणि पुन्हा सरळ झाली. गालावर पाच बोटे घेऊन रेजिना पंगतीत वाढत राहिली, कारण पंगत बसली होती. "प्यायलेला माणूस, बाय," मावशी म्हणाली, "मनाला लावून घेऊ नको." मांडव तिसऱ्या दिवशी उतरला. लोकांच्या आठवणीतून ती थप्पड त्याच्याही आधी उतरली.

पुढच्याच आठवड्यात बस्त्याव तीन दिवसांच्या तपसाधनेला गेला. तिथे तो रडला. धर्मगुरूंपुढे गुडघे टेकून त्याने पापनिवेदन केले, मांडवातले सगळे सांगितले, आणि दारू सोडली. टोमणा मारायला इथे जागा नाही. त्याने ती खरोखरच सोडली. चौथ्या दिवशी तो घरी आला तेव्हा त्याचा चेहरा न्हाऊन आल्यासारखा निवळला होता. अंगणात उभा राहून तो म्हणाला, "देवाने मला माफ केलं, रेजिन. आता तो विषय संपला."

संपला! तिला काहीतरी म्हणायचे होते. ते ओठांपर्यंत आले, आणि तिथेच दारात आडवे झाले. मग त्याच्यामागून येणारे रोजचे, साधे, मिठामिरचीचे शब्दही आतच अडकून पडले. त्या संध्याकाळी घंटा झाली, त्याने 'नमो मारिये' म्हटले, आणि तिने उत्तर दिले. प्रार्थना अडवायची कशी? देवाने तिचे काय वाकडे केले होते?

तेव्हापासून भात झाकलेला असे, किल्ली खिळ्याला असे, इस्त्रीचा सदरा खुर्चीच्या पाठीवर असे. उत्तनला दिलेल्या मुलीचा फोन आला की दोघे आळीपाळीने तिच्याशी बोलत, आणि ती बिचारी दोन्हीकडून एकच खबर दोनदा ऐके. बस्त्यावला आधी वाटले, रुसली आहे. मग वाटले, हिचा स्वभावच शांत झाला. आणि मग, खरे सांगायचे तर, त्याला त्या शांततेची भीती वाटू लागली. झाकण उचलले तर आत काय असेल कोण जाणे, म्हणून त्याने ते कधी उचललेच नाही.

उलट तो चांगला होत गेला. दिवसेंदिवस, वर्षानुवर्षे, चांगला होत गेला. आजाऱ्यांच्या उशाशी तो, स्मशानातले गवत काढायला तो, दारूत बुडालेल्या माणसाला हात धरून घरी आणायला तो. रविवारी वाचनाला तो, मयताच्या घरी प्रार्थनेला तो. आणि त्याच्या प्रत्येक सत्कृत्याबरोबर रेजिनाभोवतीची भिंत एका विटेने वाढत गेली. वाईट नवऱ्याची तक्रार करता येते. भल्या माणसाची कुणाकडे करणार?

एकदा तिने आईकडे तोंड उघडले होते. आई म्हणाली, "सोन्यासारखा झाला ग माणूस. आणखी काय पायजे तुला?" तिला जे हवे होते ते इतके लहान होते, की आईपुढे ठेवायला तिला लाज वाटली.

आणि क्रूर गोष्ट अशी, की दर पापनिवेदनाला तीच गुडघे टेकून सांगे, 'मी नवऱ्याशी बोलत नाही.' वृद्ध धर्मगुरू सुस्कारा सोडत आणि प्रायश्चित्त देत. ती ते निमूटपणे पार पाडी. मार खाल्ला तिने आणि पापही तिच्याच पदरात. मारले त्याने आणि क्षमा त्याच्या पदरात. हे कुठेतरी चुकते आहे, हे तिला कळत होते. कुठे चुकते आहे, ते सांगायला तिच्याकडे शब्द नव्हते.

नाताळ होऊन दोन दिवस झाले. कागदी चांदण्या दवाने मऊ पडल्या होत्या, अंगणातल्या गव्हाणीतले बाळ येशू सोनेरी पेंढ्यात हसत होते. त्या शनिवारी सकाळी तरुण फादर मेल्विन स्कूटरवरून वाडीत आले. चहा घेता घेता म्हणाले, "उद्या पवित्र कुटुंबाचा सण. या वर्षी आपल्या धर्मग्रामाचं आदर्श कुटुंब म्हणून तुमचा सत्कार करायचा आहे. मिस्सेच्या उपासनेआधी तुम्ही दोघांनी वेदीजवळ उभं राहून जपमाळेचं एक दशक, दहाच मणी, म्हणायचं. मग प्रार्थनेने घर कसं टिकतं, याची दोन शब्दांत साक्ष द्यायची."

रेजिनाने हातातली बशी खाली ठेवली. "फादर, माझ्याने नाय होणार."

"अहो आंटी, रोज संध्याकाळी करता तेच करायचं!" फादर मनापासून हसले. "अख्खा गाव ऐकतो."

बस्त्यावही हसला. त्या हसण्यात अभिमान होता आणि तिच्याकडे न बघण्याची नऊ वर्षांची सवय होती.

ते गेल्यावर ती वाडीत गेली. पानवेलींच्या रांगांतून, हिरव्या उजेडातून, ओल्या मातीतून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, आणि कुंपणापाशी येऊन परतली, आणि पुन्हा कुंपणापाशी आली. हो म्हणावे, तर देवाच्या वेदीसमोर उभे राहून खोटे बोलायचे. नाही म्हणावे, तर नऊ वर्षांत वीट वीट रचून उभा राहिलेला हा माणूस साऱ्या गावासमोर कोसळायचा. कदाचित पुन्हा पेल्याकडे हात जायचा, आणि गाव म्हणायचे, बायकोने घालवला. बोलली तरी तीच दोषी, गप्प राहिली तरी तीच खोटी. केळीच्या पानांनी माथ्यावर आभाळ झाकले होते.

संध्याकाळी घंटा झाली. त्याने हाक दिली. तिने ओ दिली. पन्नास वेळा.

रविवारी चर्च फुलांनी ओथंबले होते. उंच, रंगीत काचांतून सकाळ आत येत होती. निळी, जांभळी, डाळिंबी सकाळ. लाल लुगडी, कडक इस्त्रीचे सदरे, नव्या साड्यांची सळसळ. पहिल्या बाकाला झेंडूचा हार बांधला होता. तो या दोघांचा मानाचा बाक. वेदीच्या पायरीशी दोघे उभे राहिले. बस्त्यावच्या खिशात साक्षीचा घडी घातलेला कागद होता.

"नमो मारिये," त्याने सुरुवात केली. तिने उत्तर दिले. दुसऱ्या वेळी त्याने हाक दिली. तिने उत्तर दिले. तिसऱ्या वेळी त्याचा स्वर किंचित भरून आला, सुखाने भरून आला. आणि ते सुख ऐकून रेजिनाला राग आला. नऊ वर्षांत तिला दुःख झाले होते, शरम वाटली होती, थकवा आला होता. राग आज आला. स्वच्छ, उभा, उन्हासारखा राग. तिचे ओठ मिटले ते मिटलेच.

मग बाकांतून उत्तर उठले. शंभर तोंडांनी, दोनशे तोंडांनी, प्रेमाने, सवयीने, साऱ्या धर्मग्रामाने तिचा उत्तरार्ध म्हणून टाकला. तिची गरजच नव्हती! मांडवातही कुणाला तिची गरज नव्हती. गाणे तेव्हाही चालूच राहिले होते.

बस्त्यावने चौथी हाक दिली. बाकांनी श्वास घेतला. आणि रेजिनाने हात वर केला.

हात लहान होता, खडबडीत होता, पानांच्या चिकाने काळवंडलेला होता. पण तो वर झाला आणि सगळे चर्च गप्प झाले. बस्त्यावने मान वळवली. रोज प्रार्थनेच्या वेळी दोघे घरातल्या वेदीकडे बघत, एकमेकांकडे कधीच नाही; आज त्याने तिचा चेहरा पाहिला. केवढा म्हातारा झाला होता तो चेहरा!

"मांडवात तुमी मला मारलं," रेजिना म्हणाली. ती ओरडली नाही. "सगळ्यांसमोर मारलं. देवाकडं माफी मागितली. माज्याकडं नाय मागितली."

कुठेतरी एक बाक करकरला. फादर मेल्विन एक पाऊल पुढे आले आणि तिथेच थांबले, ते बरे केले. बस्त्यावचा हात खिशाकडे गेला, कागदाला लागला, आणि रिकामाच परत आला. त्या कागदावर सगळे होते. तपसाधना होती, अश्रू होते, फोडलेली बाटली होती, देवाची अपार दया होती. रेजिनाचे नाव शेवटच्या ओळीत होते, आभार मानायला.

तो गुडघ्यांवर आला नाही, रडलाही नाही. उघड्यावर पडलेल्या माणसासारखा तो उभा राहिला, आणि बाकांकडे वळून म्हणाला, "ही खरं सांगते. मी हिला मारलं. तुमच्यातले बरेचजण तिथं होते. मी देवाला सांगून मोकळा झालो. हिला कधी विचारलंच नाय." मग तो तिच्याकडे वळला. भरदार आवाज कुठे गेला कोण जाणे. उरला तो एक कापरा, अनोळखी सूर. "रेजिन, चुकलं माझं. मला माफ करशील?"

साऱ्या चर्चने तिच्याकडे पाहिले. बायांनी पदर आधीच डोळ्यांना लावले होते. एक 'हो' हवा होता, एवढासा, गोड. मग टाळ्या झाल्या असत्या, हार पडले असते, आणि दार पुन्हा लागले असते.

"आत्ताच नाय सांगत," ती म्हणाली.

आणि ती मागच्या बाकावर जाऊन बसली. मानाचा बाक रिकामा राहिला. मिस्सा झाली, गीते झाली. पण त्या दिवशी एकमेकांना शांतीचा नमस्कार करताना पुष्कळांचे हात अर्ध्यावर घुटमळले. काही नवऱ्यांनी आपल्या बायकांकडे चोरून पाहिले. काही बायकांनी पाहू दिले.

घरी परतताना ती पुढे होती, तो मागे. नऊ वर्षे हलका चालणारा माणूस त्या दिवशी न मिळालेल्या क्षमेचे ओझे घेऊन चालत होता, आणि त्याची पावले मातीत खोल उमटत होती. ती मागे वळली नाही. पण तो फार मागे राहिला तेव्हा तिची चाल थोडी मंदावली, एवढे मात्र खरे.

दुपारी तिने ओटीवर दोन ताटे वाढली. एक त्याचे, आणि त्याच्या समोर एक आपले. मग ती बसली, नीट मांडी घालून, त्याच्याकडे तोंड करून.

"आता सांगा," ती म्हणाली.

"काय सांगू?"

"धर्मगुरूंना सांगितलं होतं ते. पयल्यापासून सांगा. काय गाळू नका. मी ऐकते."

त्याने घास उचलला आणि परत ठेवला. घसा साफ केला. एक वाक्य सुरू केले, ते मोडले. दुसरे सुरू केले, तेही मोडले. तिने मदत केली नाही, घाईही केली नाही. बाहेर केळीची पाने वाऱ्याने बाजूला होत होती, मिटत होती, पुन्हा बाजूला होत होती.

"त्या दिवशी सकाळपासूनच," तो म्हणाला, "मी..."

मध्ये पापनिवेदनाच्या वेळची जाळी नव्हती, पडदा नव्हता, पुटपुटायला अंधार नव्हता. तो सांगत गेला, ती ऐकत गेली. भात निवत गेला, आणि ओटीवरचे ऊन पायरी पायरीने अंगणात उतरत गेले.